आत्यांच्या डोळ्यातला बुडबुडा

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या कोपरगावकडच्या. सासरे साखर कारखान्यात होते, त्यामुळे त्यांचा सगळा संसार कारखान्याच्या कॉलनीत झाला, मळीच्या वासात आणि भोंग्याच्या वेळांवर. माझी आई खर्ड्याकडची. तिकडे पाणी जपून वापरतात, बोलणं मात्र सढळ. सासरे गेल्यावर आत्या आमच्याकडे नगरला आल्या. पुढे माझ्या भावाची बदली लांब झाली, आईला तिकडची हवा सोसेना, आणि तीही आमच्याकडे आली. सावेडीतल्या आमच्या छोट्याशा घरात, एकाच खोलीत, दोन खाटांवर दोन विहिणी राहू लागल्या.

भांडणं होतील या भीतीने माझ्या नवऱ्याने आधीच मला बजावून ठेवलं होतं की मी कुणाचीच बाजू घ्यायची नाही. झालं उलटंच. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने वागायच्या की घरात वावरायला अवघड व्हायचं. सकाळी न्हाणीच्या दाराशी दोघी टॉवेल घेऊन उभ्या.

“ईनबाई, तुमी जा आधी.”

“न्हाई न्हाई, तुमी जा. मला घाई न्हाई.”

तेवढ्यात माझा नवरा आत शिरून कडी लावायचा.

अदबीच्या खाली चुरस होतीच. आत्यांची भाकरी पातळ, आईची जाड. आत्यांना बाजरी, आईला ज्वारी. पण सगळ्यात मोठा फरक कुस्तीचा. आत्यांचे वडील पैलवान होते. लहानपणी त्यांनी आत्यांना खांद्यावर बसवून गावोगावचे हगामे, म्हणजे जत्रेतल्या कुस्त्या, दाखवल्या होत्या. आता त्या मोबाईलवर कुस्त्या बघायच्या, अगदी पदर खोचून. आईला ते पटायचं नाही. “ह्या वयात उघड्याबंब माणसांकडं काय बघायचं असतं माय,” असं ती स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणायची.

आत्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं छान पार पडलं होतं. पट्टी काढल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातली पौर्णिमा लांबूनच शोधून दाखवली. विहारात जायची पांढरी साडी त्यांना पिवळट वाटायची, ती पुन्हा पांढरी दिसायला लागली. काही महिने आनंदात गेले. मग हळूहळू त्या सकाळी उठल्या की खिडकीकडे बघून म्हणायच्या, “आज धुकं पडलंय का गं?”

धुकं नसायचं. फाल्गुनातलं ऊन असायचं. दुपारपर्यंत त्यांचं धुकं विरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायचं. त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. मला वाटलं वय झालं. मग डोळा दुखायला लागला. आधी खुपल्यासारखं, मग टोचल्यासारखं. पाणी सारखं वाहायचं, उजेड सोसवायचा नाही.

“कुसळ गेलंय,” आत्या म्हणाल्या.

आईने पदराचं टोक पिळून डोळ्याच्या कडेने फिरवलं, फुंकर मारून बघितली. कुसळ काही सापडलं नाही. त्या दिवशी आत्यांनी मोबाईलला हात लावला नाही आणि चहाही अर्धा ठेवला. संध्याकाळी आई मला म्हणाली, “तुझ्या सासूला डॉक्टरकडं ने. ती बोलायची न्हाई, पन लई दुखायलंय तिला.”

आम्ही नगरमधल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी यंत्राला आत्यांची हनुवटी टेकवून बराच वेळ तपासलं. मग खुर्ची जवळ ओढून आत्यांशीच बोलल्या, माझ्याशी नाही, हे मला आवडलं.

“आजी, डोळ्याच्या समोरच्या बाजूला काचेसारखा पडदा असतो. त्याच्या आतून बारीक पेशींचा एक थर असतो. त्या पेशी पंपासारख्या असतात. पडद्यात शिरलेलं पाणी त्या सतत बाहेर टाकतात, म्हणून पडदा स्वच्छ राहतो. तुमच्या डोळ्यात या पेशी मुळातच कमी होत्या. मोतीबिंदू काढताना प्रत्येकाच्याच थोड्या जातात, इतरांना ते जाणवतही नाही. तुमच्याकडे शिल्लकच फार नव्हती.”

“म्हंजे मोटारी जळाल्या,” आत्या म्हणाल्या.

“काही जळाल्या. उरलेल्यांवर ताण आला.”

“आन पानी तुंबलं.”

“बरोबर. पडद्याला सूज आली. रात्री डोळा मिटलेला असतो, पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी जास्त धुरकट दिसतं. आता त्या सुजेचे वर फोड यायला लागलेत. पापणी घासली की फोड फुटतो, तेव्हा ती कळ येते.”

माझ्या नवऱ्याने विचारलं, “आधीच्या ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?” डॉक्टरबाई म्हणाल्या, “नाही. भिंग अगदी जागेवर बसलंय. काही डोळ्यांचं असं होतं.” आत्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ज्यांनी पहिलं ऑपरेशन केलं होतं ते डॉक्टर त्यांना फार आवडायचे.

मिठाचे थेंब दिले, झोपताना घालायचं मलम दिलं. खारट थेंब पडद्यातलं पाणी ओढून घेतात. शिवाय डॉक्टरबाईंनी एक गंमतशीर उपाय सांगितला. सकाळी केस वाळवायचं मशीन हातभर लांब धरायचं, अगदी कोमट हवा, आणि ती डोळ्यासमोरून थोडा वेळ जाऊ द्यायची. पाणी उडायला मदत होते.

ते मशीन मला कुणीतरी भेट दिलेलं होतं आणि आजवर खोक्यातच होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आईच्या ताब्यात गेलं. मागच्या पडवीत आत्या खुर्चीत बसायच्या, आई समोर हात लांब करून उभी राहायची, शाळेतल्या कवायतीसारखी.

“भाजंना ना ईनबाई?”

“न्हाई. पन ईनबाई, तुमी माझा डोळा वाळवताय का पापड?”

आई एवढी हसली की मशीन आत्यांच्या कपाळाकडे गेलं आणि आत्यांचे सगळे पांढरे केस ताठ उभे राहिले. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण थांबून बघत राहिली. माझ्या घरात त्या दोघी एकत्र हसलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

काही आठवडे बरे गेले. मग फोड वाढले. एका रविवारी आत्या उठल्याच नाहीत. पदराने तोंड झाकून भिंतीकडे वळून पडून राहिल्या. कुणाशी बोलणं नाही, खाणं नाही. आई त्यांच्या पायथ्याशी बसून तळव्यांना तेल लावत होती. बाहेरच्या खोलीतल्या दिव्याची तिरीप आली तरी आत्या कण्हायच्या. मी दवाखान्यात फोन केला, डॉक्टरबाई म्हणाल्या लगेच या.

त्यांनी डोळ्यावर एक मऊ लेन्स बसवली. नंबराची नाही, नुसती पट्टीसारखी. पापणी आता फोडांवर घासणार नव्हती, लेन्सवरून घसरणार होती. सोबत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून थेंब दिले आणि लेन्सला घरी कुणी हात लावायचा नाही, लाल झालं किंवा दुखलं तर धावत यायचं, असं दोनदा बजावलं.

आईला हे मुळीच पटलं नव्हतं. “आधीच दुखायलंय, त्यात आनखी एक वस्तू कामून घालायलेत?” असं ती माझ्या कानाशी कुजबुजली. पण आत्या खुर्चीत टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळा हळूच मिटला, उघडला, पुन्हा मिटला. चेहऱ्यावरची आठी सैल झाली.

“गेलं,” त्या म्हणाल्या.

“काय गेलं?”

“खुपायचं गेलं गं.”

परत येताना रिक्षात बसल्यावर त्यांनी भेळ मागितली. सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेल्या बाईने रस्त्याच्या कडेला बसून दोन पुडे भेळ खाल्ली, वर मिरची मागून घेतली. आई त्यांच्या तोंडाकडे कौतुकाने बघत होती, जणू लेकरू जेवतंय.

लेन्सने दुखणं थांबलं, नजर मात्र धुरकटच राहिली. डॉक्टरबाईंनी सांगितलं की कायमचा उपाय म्हणजे आतला तो पेशींचा थर बदलणं. कुणीतरी मरणानंतर डोळे दिलेले असतात, त्यातला तेवढाच पातळ थर काढून आत्यांच्या डोळ्यात बसवायचा. नेत्रपेढीत नाव घातलं आणि वाट बघायला लागलो.

फोन आला त्या दिवशी घरात कुरडयांचा घाट होता. आई गॅसवर गव्हाचा चीक हाटत होती, आत्या लांब बसून सूचना करत होत्या. डॉक्टरबाईंच्या मदतनीस मुलीने सांगितलं, “आजींसाठी थर मिळालाय. आज दुपारीच ऑपरेशन करू. घेऊन या.”

मी फोन ठेवून सांगितलं तर आत्या आधी चिकाकडे बघायला लागल्या. “एवढा चीक वाया जाईल.”

आई म्हणाली, “तुमी जा. मी घालते कुरडया.” तिने सोऱ्या उचलला, एक कुरडई पाटावर घातली, ती वाकडी आली. दुसरी घातली, ती तुटली. मग तिने सोऱ्या खाली ठेवला, शेजारणीला हाक मारली, पातेलं तिच्या हवाली केलं आणि हाताला लागलेल्या चिकासकट चप्पल घालून रिक्षात येऊन बसली. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तिने आत्यांचा हात सोडला नाही. नंतर आत्यांच्या मनगटावर वाळलेल्या चिकाची बोटं उमटली होती, नर्सने ती पुसून काढली.

ऑपरेशन डोळ्यापुरती भूल देऊन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं. नवा थर टाके घालून शिवत नाहीत. तो आत सोडतात आणि त्याच्याखाली हवेचा बुडबुडा भरतात. बुडबुडा वर जायला बघतो, थराला पडद्याशी दाबून धरतो, आणि थर चिकटतो. म्हणून पेशंटने उताणं पडून छताकडे बघत राहायचं. जेवायला आणि न्हाणीत जायला उठायचं, बाकी सगळा वेळ उताणं.

“म्हंजे स्लॅबखालचा टेकू,” आत्या पट्टीखालून म्हणाल्या. “स्लॅब सुकंस्तवर काढायचा न्हाई.”

“तेच. आणि तुम्ही हलायचं नाही, म्हणजे टेकू सरकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तपासणी झाली, थर नीट बसला होता. आम्ही त्यांना घरी आणलं. उजव्या डोळ्यावर छिद्रांची प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली, डाव्या डोळ्यात जुना मोतीबिंदू. आत्या खाटेवर उताण्या आणि वर पंखा. पहिल्या दुपारीच त्या कंटाळल्या.

मी शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी आले तर आत्यांच्या खाटेशेजारी आईने जमिनीवर चटई टाकली होती आणि तीही उताणी पडून छताकडे बघत होती.

“तुला काय झालं?” मी घाबरून विचारलं.

“काही न्हाई. ह्यांना एकटीला वर बघत पडावं लागतंय, म्हनून सोबत.”

दोघी छताकडे बघत बोलत होत्या. समोरासमोर ज्या गोष्टी निघाल्या नव्हत्या त्या छताशी बोलताना निघाल्या. आत्या म्हणाल्या, “खरं सांगू का ईनबाई, लग्नात तुमी पंगतीला बसला, पन घास घेतला न्हाई. मला वाटलं, लई गर्वाची बाई हाय ही.”

“गर्व कशाचा माय. दाढ ठनकत हुती माझी. तोंड उघडता येत नव्हतं. मला वाटलं तुमीच रुसल्यात. कुनीच मला आग्रह केला न्हाई.”

“गर्वाच्या बाईला आग्रह कोन करील.”

इतक्या वर्षांचा तो रुसवा एका दाढेपायी होता. दोघी हसायला लागल्या. मी दारातून ओरडले, “आत्या, हलू नका.” मग आत्या डोकं न हलवता हसायला शिकल्या. नुसतं पोट हलायचं.

आणि मग कुस्ती. एका गावच्या जत्रेचा हगामा मोबाईलवर थेट दाखवत होते. आत्यांना बघता येईना, आणि मोबाईल तोंडावर धरून डोळे ताणायची मला भीती. आई म्हणाली, “द्या इकडं. मी बघते, मी सांगते.”

तिला कुस्तीतलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं.

“एक लाल लंगोटवाला हाय. एक निळा. दोघं मिठी मारायलेत.”

“मिठी न्हाई ती. पकड म्हना. हात कुठं हाय त्याचा?”

“हात… त्याच्याच जवळ हाय.”

“ईनबाई, मानेवर हाय का कमरेला?”

“मानेवर. न्हाई, कमरेला. आता पडला. लाल पडला.”

“पाठ लागली का?”

“लागली असंल. लोकं ओरडायलेत.”

आत्या तिला डाव समजावून सांगायच्या. ढाक कशी मारतात, घिस्सा कसा ओढतात, हे सगळं हवेत हात करून. डोकं मात्र उशीवर स्थिर. दोन-तीन कुस्त्यांत आईचा आवाज चढला. “धर त्याला, सोडू नको,” असं ती स्वतःच म्हणायला लागली. माझा नवरा ऑफिसातून आला आणि दारातच थबकला. त्याच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, चटईवर गुडघ्यांवर उभ्या, मोबाईल डोळ्यांजवळ धरून ओरडतायत आणि त्याची आई छताकडे बघत टाळ्या वाजवतेय.

बुडबुडा हळूहळू लहान होत गेला. आत्यांना तो दिसायचा. “वाटोळं वाटोळं डुगडुगतंय काहीतरी,” त्या सांगायच्या. मग म्हणायच्या, “आज वाटान्याएवढं हाय.” मग एका सकाळी, “गेलं वाटतं.” स्लॅब धरला होता.

नजर एकदम आली नाही. आठवड्यागणिक धुकं पातळ होत गेलं. त्या आधी खिडकीचे गज मोजायच्या, मग बाहेरच्या लिंबाच्या फांद्या. एका सकाळी आई त्यांना चहा द्यायला वाकली तर आत्यांनी तिची हनुवटी हातात धरली.

“ईनबाई, तुमच्या हनुवटीवर गोंदलंय व्हय?”

“व्हय. लहानपनापासून हाय की.”

“इतक्या जवळून मी कधी बघितलंच न्हाई.”

आईने कप खाली ठेवला आणि तोंड उजेडाकडे केलं, म्हणजे आत्यांना नीट बघता येईल. तीन ठिपके होते, थोडे पसरलेले. आत्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. आई लाजली. माझ्या आईला लाजताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

थर कुणाचा, हे आत्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं होतं. ते सांगता येत नाही असं उत्तर मिळालं. पुढच्या पौर्णिमेला दोघी पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेल्या. वंदना झाल्यावरही आत्या हात जोडून बसून राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “ज्याचा कुनाचा डोळा हाय, त्याला म्हटलं, बघ रं बाबा, तुझ्यामुळं मला दिसतंय. तू पन बघ माझ्यासंगं.”

आता मोबाईल पुन्हा आत्यांच्या हातात आला. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आईने सांगितलेला तो हगामा पुन्हा लावला. थोडा वेळ बघितल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ईनबाई, लाल कुठं पडला? लाल तर जिंकला की.”

आई भाजी निवडत होती. तिने पुढची जुडी सोडली.

“आन निळा लंगोट कुठं हाय ह्यात? हा तर हिरवा हाय.”

“मला कुठं दिसत हुतं,” आई शेवटी म्हणाली. “लोकांच्या ओरडन्यावरून सांगत हुते.”

तेव्हा कळलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ती तो कधीपासून लपवत होती. आत्यांचं दुखणं जवळून बघितल्यावर तिने ठरवूनच टाकलं होतं की आपण ऑपरेशनच्या वाटेला जायचं नाही. मी समजावलं, माझ्या नवऱ्याने समजावलं. उपयोग झाला नाही. आत्यांनी समजावलं नाही. त्यांनी आईची पिशवी भरली, चप्पल दारात काढून ठेवली आणि म्हणाल्या, “चला. मी हाय ना संगं.”

डॉक्टरबाईंनी आईच्या डोळ्यांतल्या पेशी आधी यंत्रावर मोजून बघितल्या. भरपूर होत्या. तसं सांगितल्यावर आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खर्ड्याकडच्या मानसाला कमी पान्यात राहायची सवय. पेशी पन जपून वापरल्यात त्यांनी.” डॉक्टरबाईंना हा विनोद कळायला थोडा वेळ लागला, पण कळल्यावर त्या खुर्ची फिरवून हसल्या.

आईचं एका डोळ्याचं ऑपरेशन अगदी साधं झालं, सकाळी जाऊन दुपारी घरी. आत्यांना त्यांचे थेंब बराच काळ घालावे लागणार आहेत, म्हणजे शरीर तो परका थर झिडकारणार नाही. आईचेही थेंब सुरू झाले. आता एक झोपते आणि दुसरी तिच्या डोळ्यात थेंब टाकते, मग जागा बदलतात. न्हाणीच्या दाराशी आता कुणी कुणाला आधी जा म्हणत नाही, सरळ धक्का मारून शिरतात.

मागच्या शनिवारी शाळेतून आले तर स्वयंपाकघर रिकामं होतं. डबे नाहीत, पातेली नाहीत, मांडणीवर एक चमचा नाही. गच्चीवरून घासण्याचा आवाज येत होता. वर गेले तर दोघी काळे चष्मे लावून बसलेल्या. माझी सगळी भांडी उन्हात मांडलेली, आणि आत्या कुकरचं झाकण उजेडासमोर धरून आईला दाखवत होत्या.

“बघा ईनबाई, कड बघा ही. किती काळी हाय.”

“दिसतीय,” आई म्हणाली. “हे तेलाचं किटण बघा की, डब्याच्या बुडाला. कधीपासून असंल माय.”

मला बघून आईने तो डबा पाठीमागे सरकवला. मग आत्यांनी थोडं सरकून मला बसायला जागा केली आणि हातात काथ्या दिला.